ओल्या ट्रेमधले एकोणीस दिवस

आमच्या संस्थेच्या तळमजल्यावर, जिन्याच्या डाव्या हाताला एक लांबट खोली होती. दारावर 'शिलाकाप विभाग' अशी पाटी होती, पण ती वाचायच्या भानगडीत कुणी पडत नसे. सगळे तिला घासघर म्हणत. तिथे दगड घासले जायचे, आणि ते घासणाऱ्या बाईंना विद्यार्थ्यांनी नाव ठेवलं होतं घासूमावशी. परीक्षेसाठी रट्टा मारणाऱ्या मुलाला घासू म्हणतात. या बाई तर खरोखरच सकाळी दहा ते संध्याकाळी साडेपाच घासत बसायच्या. नाव त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मुलांनी घासलेलं परीक्षेनंतर उडून जातं. मी घासलेलं कपाटात तरी राहतं."

मी वरच्या मजल्यावर ग्रंथालयात होते. दुपारचा डबा आम्ही एकत्र खायचो, ग्रंथालयात, कारण घासघरात सगळ्याच गोष्टींना भुकटीची चव लागायची. अशी बावीस वर्षं. त्यामुळे जे पुढे सांगते आहे त्यातलं बरंचसं मी पाहिलंय, आणि उरलेलं त्यांच्याच तोंडून ऐकलंय.

त्यांचं काम असं. कुणीतरी दगड आणून द्यायचा. मावशी हिऱ्याची धार असलेल्या चाकावर त्याची साबणाच्या वडीएवढी चकती कापायच्या, एक बाजू गुळगुळीत करायच्या, ती चिकट राळेने काचेवर बसवायच्या आणि मग दुसऱ्या बाजूने घासत न्यायच्या. केसाच्या निम्म्याहूनही पातळ झाला की दगडातून उजेड आरपार जातो आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या पोटातलं सगळं दिसतं. हा झाला काप. दोन-चार सेकंद जास्त घासलं तर काच कोरी, आणि कुणाचातरी डोंगरावरून पाठीवर वाहून आणलेला दगड नाल्यात. हे थांबायचं कधी ते मावशींना यंत्राशिवाय कळायचं. "आवाज बदलतो," एवढंच सांगायच्या. बोटांची टोकं इतकी झिजली होती की हजेरीच्या यंत्राने त्यांचा अंगठा ओळखायला साफ नकार दिला. सगळ्या संस्थेत त्या एकट्याच वहीत सही करायच्या, आणि त्याचा त्यांना थोडा तोराही होता.

मॅडम म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुख. त्या विद्यार्थिनी म्हणून आल्या तेव्हा त्यांचा पहिला काप त्यांनी स्वतःच घासून पार नाहीसा केला होता, आणि घासघरातल्या स्टुलावर बसून रडल्या होत्या. मावशींनी उरलेल्या दगडातून दुसरा करून दिला. तेव्हापासून मॅडम त्यांना ताई म्हणायच्या. मावशी चारचौघांत 'मॅडम, तुम्ही' म्हणायच्या आणि दार लोटलं की 'अगं'.

मॅडमच्या आयुष्याचा दगड म्हणजे एका जुन्या खाणीतला चुनखडीच्या जातीचा, राखाडी आणि दुधी रंगाच्या पट्ट्यापट्ट्यांचा एक खडक. वय अडीचशे कोटी वर्षं. आडवा कापला की उलट्या वाट्या एकीवर एक रचाव्यात तसे थर दिसायचे. असे थर उथळ समुद्रात सूक्ष्म जिवांच्या चिकट सायीमुळे बनतात, असं मॅडमचं म्हणणं. सायीवर गाळ बसतो, चिकटतो, जीव पुन्हा वर येऊन नवी साय धरतात, त्यावर पुन्हा गाळ. जीव कुजून जातात, थर राहतात. पण विरोधक म्हणायचे, असे थर जिवाशिवायही साचू शकतात. नुसता चुना पाण्यातून खाली बसला तरी. म्हणून मॅडमना थरांबरोबर त्या जिवांची शरीरंही हवी होती. एखादा तंतू, एखादी पेशी. सहा वर्षं त्या ते शोधत होत्या. त्यांच्या हाताखाली एक संशोधक मुलगा पीएचडी करत होता. मुलगा कसला, बत्तीस वर्षांचा बाप्या. प्रत्येक गोष्ट मोजायची सवय म्हणून त्याला सगळे मोजणीदार म्हणायचे. जिन्याला किती पायऱ्या, ग्रंथालयात किती पंखे, सगळं त्याला पाठ.

त्या वर्षी मावशींच्या यजमानांचं हृदयाचं ऑपरेशन निघालं. फोन आला तेव्हा मावशी खाणीतल्या दगडाच्या चौदा चकत्या कापून बसल्या होत्या. चकत्या पाण्याच्या ट्रेमध्ये होत्या, वर प्लॅस्टिक टाकलेलं. मावशी हात पुसून तशाच निघाल्या. परत आल्या त्या एकोणीस दिवसांनी.

"प्लॅस्टिक उचललं आणि वास आला," त्यांनी मला पुढे सांगितलं. "बंद डब्यातल्या ओल्या फडक्यासारखा. चकत्यांना हात लावला तर बुळबुळीत."

त्यांनी चकत्या ब्रशने खसाखसा धुतल्या, गरम तव्यावर वाळवल्या आणि कामाला लागल्या. मॅडमना परदेशातल्या परिषदेसाठी काप हवे होते आणि एकोणीस दिवस आधीच वाया गेले होते. नव्या चकत्या कापायच्या तर आणखी आठवडा. कामाच्या वहीत प्रत्येक चकतीपुढे 'शेरा' असा एक रकाना असे. तो त्यांनी कोरा ठेवला. इतक्या वर्षांत त्या रकान्यात त्यांनी 'कडेला तडा', 'राळेत बुडबुडा' असलं बारीकसारीकही लिहिलं होतं. त्या दिवशी मात्र पेन उचललं नाही. यजमान घरी एकटे होते, गोळ्यांची वेळ होत आली होती, डोकं ठिकाणावर नव्हतं. खोटं त्यांनी काही लिहिलं नाही. लिहिलंच नाही.

त्या चकत्यांच्या कापांत तंतू सापडले.

मोजणीदार धावत जिना चढून ग्रंथालयात आला, मला हाताला धरून खाली घेऊन गेला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला लावला. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण दिसलं ते आजही आठवतं. दुधी दगडात, थरांच्या रेषांना धरून पसरलेले बारीक तपकिरी धागे, मधूनमधून गाठी. "अडीचशे कोटी वर्षं!" तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. पुढच्या वर्षभरात त्याने अकराशे तंतू मोजले, लांबी-जाडीसकट. त्यावरच त्याचा प्रबंध उभा राहिला. लेख छापून आला. वर्तमानपत्रात मॅडमचा फोटो आला. संस्थेच्या सभागृहात कार्यक्रम झाला, आणि मॅडमनी मावशींना पहिल्या रांगेतून उठवून व्यासपीठावर बोलावलं. "हे हात नसते तर मला काहीही दिसलं नसतं," असं त्या माईकवर म्हणाल्या. टाळ्या थांबेनात. मावशींनी हात पदरात लपवले. यजमान ऑपरेशननंतर कार्यक्रमाला म्हणून पहिल्यांदाच बाहेर पडले होते. मोजणीदाराने आपल्या गाडीतून त्यांना आणलं आणि पोचवलंही. ऑपरेशननंतर दवाखान्यातून घरी नेलं तेही त्यानेच. मावशींच्या घरी त्याच्यासाठी एक कप वेगळा ठेवलेला असायचा.

चार महिने गेले. एके दिवशी सकाळी कुणा विद्यार्थ्याचा काळा दगड मावशींच्या हातात होता. नव्या रस्त्यासाठी डोंगर फोडला तिथला, ज्वालामुखीच्या रसाचा थिजलेला, भोकाभोकांचा. काप नीट झाला का ते बघायला त्यांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली धरला. भोकांच्या कडेने तपकिरी धागे पसरले होते. मधूनमधून गाठी.

मावशींचं शिक्षण दहावीपर्यंतचं. पण दगडांच्या संगतीत आयुष्य गेलं होतं. उकळत्या रसातून निघालेल्या दगडात जीव राहत नाही, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी वही काढली. काळ्या दगडाची ही चकती त्यांनी कधी कापली होती? ऑपरेशनचा फोन आला त्याच सकाळी. कुठे ठेवली होती? त्याच ट्रेमध्ये. तो विद्यार्थी मध्ये आजारी पडला म्हणून ती वर्षाहून जास्त कपाटात राहून गेली होती, इतकंच.

तरी त्यांनी लगेच हाय खाल्ली नाही. त्याच काळ्या दगडाच्या उरलेल्या ढेकळातून नवी चकती कापली, ट्रेला न लावता वाळवली, काप केला. धागे नाहीत. आणखी एक केला. नाहीत. मग मात्र त्या स्टुलावर बसल्या त्या दुपारच्या डब्यालाही वर आल्या नाहीत. मी खाली गेले तर यंत्र बंद, दिवा चालू, आणि त्या भिंतीकडे बघत होत्या.

"बुरशी आहे ती," म्हणाल्या. "माझ्या ट्रेमधली बुरशी. दगडाच्या फटींत शिरली. फटी थरांना धरून होत्या, म्हणून धागे थरांना धरून दिसले. फट इतकी बारीक की वर-खाली दगडच दिसतो. कुणालाही वाटेल की धागा दगडाच्या आतच आहे."

"मॅडमना सांगितलंत?"

त्यांनी मान हलवली. नाही.

घरी गेल्यावर त्यांनी यजमानांना सांगितलं. यजमान आयुष्यभर गाड्यांच्या कारखान्यात रंगारी होते, साधा माणूस. ते आधी म्हणाले, "अगं, तू काय चोरी केलीस का?" मग म्हणाले, "म्हणजे हे माझ्यामुळे झालं." मावशींनी हज्जारदा समजावलं, तसं नाही म्हणून. पण ते त्यांच्या मनाने घेतलं ते घेतलंच. कुणी तब्येत विचारली की आधी तोंड भरून ऑपरेशनची हकीगत सांगायचे, ती त्या दिवसापासून बंद झाली.

तीन दिवस मावशी सांगायला मॅडमच्या दाराशी गेल्या. पहिल्या दिवशी आत पाहुणे होते. दुसऱ्या दिवशी कुणीच नव्हतं, तरी परत आल्या. तिसऱ्या दिवशी मोजणीदार मॅडमच्या खोलीतून हसत बाहेर आला. त्याचा प्रबंध पुढच्या महिन्यात सादर व्हायचा होता. बायकोला सातवा महिना होता. "मावशी, अर्पणपत्रिकेत तुमचं नाव टाकतोय, नाही म्हणू नका," असं म्हणून तो जिना उतरला. मावशी म्हणाल्या, त्या क्षणी पाय मागे फिरत होते, पण तो हसला म्हणूनच त्या आत गेल्या. उशीर झाला असता तर ते नाव छापून आलं असतं.

त्यांनी दोन्ही दगडांचे काप टेबलावर ठेवले आणि सगळं सांगितलं. ट्रे, प्लॅस्टिक, वास, कोरा रकाना. मग काळ्या दगडाचा काप त्यांनी स्वतःच्या सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. बराच वेळ बघत राहिल्या.

"हे राळेतलं आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "आपलं दगडातलं आहे. दोन्ही वेगळं."

"अगं, तेच आहे गं. मी उरलेल्या ढेकळाचे नवे काप केले, त्यात..."

"मॅडम म्हणा."

मावशींनी ते नवे कापही पुढे सरकवले.

"कुणाकुणाला सांगितलंत?" मॅडमनी विचारलं.

"घरी. आणि ग्रंथपालबाईंना."

"वर्षभर काय करत होतात तुम्ही, ताई? त्या दिवशी व्यासपीठावर उभ्या होतात ना माझ्या शेजारी?"

"तेव्हा मला ठाऊक नव्हतं."

"वास आला तेव्हा तर ठाऊक होतं!"

मला हे सांगताना त्या म्हणाल्या, "खोटं कुठे बोलली ती?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या ठोक्याला मॅडम घासघरात आल्या. डोळे सुजलेले. खाणीतल्या मूळ दगडाचा मोठा धोंडा त्यांनी दोघा शिपायांकडून उचलून आणवला होता. "आतल्या गाभ्यातून कापा," म्हणाल्या. "माझ्यासमोर. पाणी लागलं की त्याच तासाला वाळवायचं. शेऱ्याचा रकाना मी लिहीन." तीन आठवडे त्या रोज येऊन स्टुलावर बसत होत्या. कामापुरतं बोलायच्या. "पुढची." "वाळली?" "द्या." साठ काप झाले. मोजणीदारही यायचा, एकेक काप घेऊन जायचा. आधी जिन्यावरून धावत परत यायचा, मग चालत, मग एके दिवशी आलाच नाही. साठ कापांत एकही धागा नव्हता.

शेवटच्या आठवड्यातली एक गोष्ट मावशींनी मला पुन्हा पुन्हा सांगितली आहे. काप उजेडाकडे धरून त्या बघत होत्या. वाटीसारख्या थराची एक बाजू चांगली उभी होती, आणि त्या उभ्या उतारावर वाळूचे बारीक कण बसले होते. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "एवढ्या उतारावर हे टिकले कसे? घरंगळून खाली नको का जायला?"

मॅडमनी काप हातात घेतला. "चिकटले म्हणून," त्या म्हणाल्या. मग पुन्हा, जरा हळू, "काहीतरी चिकट होतं तिथे म्हणून." तीन आठवड्यांत दोघींमध्ये कामापलीकडचं झालेलं बोलणं ते एवढंच. नुसता चुना साचला असता तर सैल कण खालच्या खळग्यात जमले असते. उतारावर त्यांना धरून ठेवायला साय लागते. म्हणजे जीव होते, निदान असावेत. पण दिसत होती ती त्यांनी धरून ठेवलेली वाळू. ते स्वतः कुठेच नव्हते.

मॅडमनी लेख मागे घेतला. छापून आलेला लेख आपल्या हाताने मागे घेणं म्हणजे काय, ते आमच्या इमारतीत मी जवळून पाहिलं. जे सभागृहात टाळ्या वाजवत होते तेच कॉरिडॉरमध्ये मॅडम दिसल्या की मोबाइल कानाला लावायचे. प्रकल्प बंद झाला. चौकशी समिती बसली. मावशींना तिच्यासमोर उभं केलं तेव्हा एका सदस्याने विचारलं, "निष्काळजीपणा मान्य आहे?" मावशी म्हणाल्या, "हो." दुसऱ्याने विचारलं, "मग इतक्या दिवसांनी सांगायला का आलात?" मावशींच्या आधी मॅडमच बोलल्या. "त्या आल्या म्हणून तुम्हाला आज कळतंय," एवढंच. मावशींकडे त्यांनी बघितलंही नाही. मावशींना लेखी ताकीद मिळाली आणि घासघरातून काढून भांडारात बसवलं. तिथे त्या कागदाची रिमं आणि बल्ब मोजून द्यायच्या. हात रिकामे राहायचे. डब्याच्या वेळी त्या टेबलावर बोटं घासत बसायच्या, नकळत, गोल गोल.

मोजणीदाराचा प्रबंध पडला. पाच वर्षं, अकराशे तंतू. मॅडमनी त्याला नवा विषय देऊ केला, पण त्याची शिष्यवृत्ती संपली होती आणि घरी लेक जन्मली होती. तो संस्था सोडून गेला. जायच्या दिवशी जिन्यात मावशी भेटल्या. मी त्यांच्या मागेच होते.

"मावशी," तो म्हणाला, "चूक झाली हे मी समजू शकतो. पण वास आला त्या दिवशी नुसतं सांगितलं असतंत, 'जरा घोळ झालाय,' तर आपण तेव्हाच नवीन कापलं असतं. एका आठवड्याचं काम होतं."

"हो," मावशी म्हणाल्या.

तो थोडा वेळ थांबला, काही ऐकायला मिळेल म्हणून असेल. मग उतरून गेला.

त्यानंतर मावशींनी जे केलं ते मला विचारून केलं नाही, नाहीतर मी नको म्हटलं असतं. त्यांनी तीन पानी पत्र लिहिलं. सुवाच्य अक्षरात, तारखांसकट: चकत्या कधी भिजत पडल्या, किती दिवस, आपण काय लपवलं, आणि मोजणीदाराने जे मोजलं ते त्याने अचूक मोजलं होतं, चूक होती ती त्याच्या हातात दिलेल्या कापात. खाली सही. पत्र घेऊन त्या समितीच्या अध्यक्षांकडे गेल्या आणि त्यावर संस्थेचा शिक्का मागितला. अध्यक्ष म्हणाले, "बाई, हे दिलंत तर ताकीद पुरी पडायची नाही. पेन्शनचं प्रकरण अडेल." मावशींनी शिक्का मारून घेतला आणि रविवारी दुपारी मोजणीदाराच्या घरी गेल्या.

दार त्यानेच उघडलं. खांद्यावर लेक झोपली होती. त्याने दारातच उभं राहून तिन्ही पानं वाचली.

"हे मला नोकरी शोधताना लागेल," तो म्हणाला. "बरं झालं आणलंत."

"अजून काही लिहून हवं असेल तर..."

"नको." मग तो म्हणाला, "काकांची तब्येत कशी आहे?"

"बरी आहे."

"मावशी, मला तुम्हाला आत या म्हणता येत नाहीये. आज तरी नाही."

लेक उठू नये म्हणून त्याने दार अगदी सावकाश लावलं. मावशी पाचव्या मजल्यावरून चालत खाली आल्या. लिफ्ट चालू होती, पण ती येईपर्यंत त्यांना त्या दाराशी थांबवेना.

अध्यक्ष म्हणाले होते तसंच झालं. मावशींचं निवृत्तीचं प्रकरण नऊ महिने अडकलं. निरोपसमारंभ झाला नाही. शेवटच्या दिवशी आम्ही दोघींनी नेहमीसारखा डबा खाल्ला आणि मी त्यांना फाटकापर्यंत सोडलं. मॅडमनी पुढे त्या उतारावरच्या वाळूवर एक छोटा लेख लिहिला. तो कुठल्याशा कमी प्रसिद्ध मासिकात आला. आमच्याकडे अंक आला तेव्हा मीच त्याची नोंद केली. आधीची चूक कशी झाली ते त्यात सरळ लिहिलं होतं. जीव होतेच असं कुठेही म्हटलं नव्हतं. होते असं मानायला जागा आहे, इतकंच. मी त्याची झेरॉक्स मावशींना नेऊन दिली. त्यांनी ती चष्मा लावून एकेक ओळ वाचली, अर्थ विचारत विचारत, आणि यजमानांनाही वाचून दाखवली. यजमानांनी विचारलं, "मग आता मिटलं का सगळं?"

"तिचं थोडं मिटलं असेल," मावशी म्हणाल्या.

मोजणीदार आता पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत आहे. हे मावशींना कळलं ते दुसऱ्याच कुणाकडून. तिथे बाटल्यांतले जंतू मोजतो म्हणे, आणि त्याच्या अहवालात कुणाला कधी खोट सापडत नाही. मावशी अधूनमधून मला फोन करतात. इकडचं तिकडचं बोलतात, यजमानांच्या गोळ्या, माझे गुडघे. मग एकदम विचारतात, "तो दिसला का गं कुठे?" मी नाही म्हणते. खरंच दिसलेला नसतो.